तीन शिट्ट्यांचं यीस्ट

निहालचा जबडा मोडला, हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. पेराशी ऊस मोडताना कट्कन आवाज येतो ना, तसा आला. चाळीस वर्षं आखाड्याच्या मातीत काढलेल्या माणसाला हाडाचा आवाज सांगावा लागत नाही. त्याचा जबडा दोन ठिकाणी गेला, डावा कान कायमचा गेला, आणि मध्ये पडलेल्या माझ्या पोरीचे पुढचे दोन दात गेले. त्यातला एक माझ्याच ताटात पडला, रश्श्यात.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना तुम्हाला माझी दया यायला लागेल, ती येऊ नये म्हणून.

मी सर्जेराव डुबल. कराडात मला सर्जा वस्ताद म्हणतात. तालीम आजोबांपासूनची. राग पण आजोबांपासूनचाच. दोन हजार सत्तावीस साली बायको, सुमन, पाहुण्यांसमोर मला एक शब्द उलटा बोलली, तर मी तिचं मनगट पिरगाळून मोडलं. प्यालेलो होतो. शर्वरी आठ वर्षांची होती, दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी दोघी कोल्हापूरला निघून गेल्या, आणि दहा वर्षं मी पोरीला फक्त फोटोत बघितलं.

सदतीस साली सौम्या आली, म्हणजे बिअर करायचं नवं यीस्ट. आता घरोघरी बिअरची पिंपं दिसतात, पण तेव्हा परवाना काढूनच घरी बिअर करता यायची, आणि तीही फक्त सौम्या यीस्टची. त्यामागचं विज्ञान मला शर्वरीनं शिकवलं, तसंच सांगतो. यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी. जवाच्या गोड काढ्यातली साखर खाते आणि दारू सोडते. सौम्या जातीचं यीस्ट त्यासोबत एक बारकं प्रथिनही बनवायचं. ते आतड्यातल्या नसांना जाऊन चिकटायचं आणि नस मेंदूला निरोप द्यायची, की गप राहा. त्या नसांवर कुलपं असतात असं समजा. शरीर आपल्या किल्ल्या स्वतः घडवतं, पण माझ्यासारख्याकडे त्या कमी. सौम्या जास्तीच्या किल्ल्या पुरवायची. रोजचे दोन ग्लास घेतले की माणूस हसायचा, गाणी म्हणायचा, पण हात उगारायचा नाही.

मनगटाच्या खटल्यात कोर्टानं मला दोघींच्या जवळ जायला बंदी केली होती, मुलीपुरती ती उठवताना अट घातली. रोज दोन ग्लास सौम्या घेत असेन, तरच मुलीला भेटायचं. मी गुमान पिंप आणलं. मोड आणलेले जव भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून काढा उकळायचा, गार झाला की पिंपात ओतून वर सौम्याची पुडी टाकायची. तीन आठवड्यांत बिअर तयार. शर्वरी अठराची होती, पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती. सहा वर्षांनी ती पर्स आतल्या खोलीत ठेवायला लागली. मग कराडातच पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि माझ्याकडे राहायला आली. मी स्वयंपाक शिकलो. तिच्या डब्यात रोज काय द्यायचं याची मला सकाळपासून चिंता. असा बाप झालो होतो मी, तुम्हाला खरं वाटणार नाही.

आता माझी चूक सांगतो. यीस्टला नुसती साखर पुरत नाही. पैलवानाला नुसत्या भातावर ठेवलं तर काय होईल? यीस्टला नायट्रोजन लागतो, जीवनसत्त्वं लागतात, जस्त लागतं. पुडीसोबत खुराकाची एक छोटी पुडी यायची, ती दोन वर्षांपूर्वी कंपनीनं बंद केली. त्याऐवजी पाकिटावर छापलं, की आधीच्या पिंपाच्या तळाला बसलेलं जुनं यीस्ट उकळून नव्या काढ्यात घालावं. उकळलं की जुन्या यीस्टची कातडी फुटते, आतलं सगळं सत्त्व बाहेर येतं आणि नवं यीस्ट ते खातं.

हे मला वाचताक्षणी पटलं. आखाड्याची माती आम्ही कधी फेकत नाही. तिला ताक, हळद, तेल, लिंबू पाजायचं आणि नव्या मातीत मिसळायची. आजोबांचा घाम ज्या मातीत पडला त्याच मातीत माझ्या तालमीतली पोरं लोळतात. मेलेल्यानं जित्याला पोसायचं, हे आमच्या तालमीत कुणाला शिकवावं लागत नाही.

पाकिटावर लिहिलं होतं, कुकरमध्ये वीस मिनिटं. पण कुकर लावून घड्याळ कोण बघतं हो? आपल्याकडे शिट्ट्या मोजतात. डाळीला तीन, मटणाला सहा. यीस्ट ते केवढं, डोळ्याला दिसत नाही, त्याला तीन शिट्ट्या रग्गड झाल्या, असं मी ठरवलं. आणि नुसतं ठरवलं नाही, गावभर शिकवलं. विरजण मागायला येतात तसे लोक डबा घेऊन माझ्याकडे यायचे, "वस्ताद, तुमचा खुराक द्या जरा." मी द्यायचो आणि वर बजावायचो, तीन शिट्ट्या, जास्त नको, सत्त्व जळतं. पहिला डबा मधूला दिला.

मधू कासार माझा बालमित्र. चावडीजवळ बांगड्यांचं दुकान, तो आणि धाकटा भाऊ दिलीप चालवायचे. मधूनं उभ्या जन्मात कुणाला चिमटा काढला नव्हता. बाळंतिणीच्या सुजलेल्या हातात तो काचेच्या बांगड्या चढवायचा आणि तिला कळायचंसुद्धा नाही. आम्ही त्याला चिडवायचो, लेका तू पुढच्या जन्मी लोणी होणार.

यंदा फेब्रुवारीत माझं डोकं फिरायला लागलं. कारण काही नसायचं. चहात साय आली म्हणून मी कप भिंतीवर फोडला. एका पोराचा डाव चुकला म्हणून त्याला उचलून आखाड्याबाहेर फेकला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या आईच्या पाया पडून आलो. तो राग माझ्या ओळखीचा नव्हता. ताप चढतो तसा चढायचा, आणि उतरला की मी घामानं चिंब झालेला असायचो. तालमीतही रोज मारामाऱ्या. एकानं दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला आणि तो तोंडात धरून उभा राहिला. सगळे माझ्याच खुराकाची बिअर प्यायचे. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं?

मार्चच्या शेवटी भर दुपारी चावडीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो. मधूच्या दुकानात काचेचा खच पडला होता, आणि त्यात दिलीप पालथा. मधू शटर ओढायची लोखंडी सळई दोन्ही हातांनी वर घ्यायचा आणि खाली आणायचा. वर घ्यायचा आणि खाली आणायचा. दिलीपचं डोकं राहिलंच नव्हतं, तरी थांबेना. मी मागून कमरेला विळखा घातला तर त्यानं माझ्या दंडात दात रोवले. साठ किलोचा माणूस, मला आवरेना! शेवटी मी त्याला खाली घेतला आणि छातीवर बसलो. दहा मिनिटांनी त्याचे डोळे जागेवर आले.

"सर्जा," तो म्हणाला, "दिलप्या कुठाय रे? त्याला पाणी दे."

"मधू, गप पड."

मग त्यानं मान वळवून बघितलं. तो जो ओरडला, ते मला सांगता येत नाही.

दिलीप फक्त म्हणाला होता, हिरव्या बांगड्यांची पेटी तू चुकून वरच्या फळीवर ठेवलीस. लोक म्हणाले, दुकानाच्या जागेचा वाद असणार. मी पण तेच म्हणालो.

त्याच आठवड्यात माझे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाला, कावीळ, यकृत सुजलंय, तीन महिने थेंबभर दारू नको. मी घाबरलो, काविळीला नव्हे. शर्वरी माझ्या घरात राहत होती ती माझ्या दोन ग्लासांच्या भरवशावर. ते बंद झाले हे तिला कळलं तर ती पुन्हा पर्स मांडीत घेऊन बसेल. म्हणून मी तिला सांगितलंच नाही, डोळे आलेत म्हणून काळा चष्मा लावला. रोज संध्याकाळी तिच्यासमोर दोन ग्लास प्यायचो, गुळाचं पाणी. वर तोंड पुसायचो.

आणि गंमत सांगू? चार-पाच दिवसांत माझं डोकं शांत झालं. तो ताप गेला. चाळीस दिवस मी कुणाला अरे म्हटलं नाही. मला वाटलं, सर्जेराव, जिंकलास. यीस्टशिवाय तू चांगला माणूस आहेस. काय फुगलो होतो मी, अहाहा!

मे महिन्यात रविवारी दुपारी निहाल जेवायला आला. निहाल शिराळकर, शर्वरीच्याच प्रयोगशाळेत, तिच्याशी लग्न ठरलेला. पोरगा सरळ. मी पहाटे उठून मटण आणलं होतं. तो जेवता जेवता म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. लग्नात सुमनकाकूंनाही बोलवतोय. शर्वरीच्या मनात आहे, कन्यादान त्यांनीच करावं."

"करू दे की," मी म्हणालो. "मी शेजारी बसेन."

त्यानं शर्वरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तो हळूच म्हणाला, "काका, त्यांना तुमच्या शेजारी बसायची अजून भीती वाटते. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. चालेल ना?"

एवढंच. किती नीट बोलला होता तो. पण माझ्या घरी, माझं मटण खाऊन हा काल आलेला पोरगा मला माझ्या पोरीच्या लग्नात बसायची जागा दाखवतो? तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो, त्याच्या मानेवर पंजा टाकला, ढाकेचा डाव मारून त्याला ताटावरून उचलला आणि ताटांना लागूनच असलेल्या दाराच्या दगडी पायरीवर आपटला. तो उठायला लागला तर गुडघ्यानं जबडा फोडला. मग कानशिलावर. एक, दोन, तीन. शर्वरी माझ्या हाताला लोंबकळून ओरडत होती, "आप्पा, सोडा! मरेल तो!" मी कोपर झटकलं.

आणि मला बरं वाटत होतं. हे सांगायलाच हवं. फेब्रुवारीतला राग परका होता, हा घरचा होता. ह्याला मी लहानपणापासून ओळखतो. सुमनचं मनगट हातात होतं तेव्हा असंच बरं वाटलं होतं.

पोलीस आले, मी चालत गाडीत बसलो.

शर्वरी जुलैत तुरुंगात भेटायला आली. नवे दात बसवले होते, बोलताना ती ओठ दाबून धरत होती. मला वाटलं, थुंकायला आली असेल. ती जाळीला हात लावून रडायलाच लागली.

"आप्पा, तो तुम्ही नव्हता."

"म्हणजे?"

"माझा विश्वासच बसत नव्हता. नऊ वर्षं बघितलंय मी तुम्हाला. आणि मधूकाकांनी दिलीपकाकांना मारावं? दोघांमध्ये सारखं काय, तर तुमची बिअर. मी तुमच्या पिंपातला गाळ नेला, मधूकाकांच्या पिंपातला नेला, तालमीतल्या पोरांकडचा नेला. महिनाभर आम्ही दोघं तेच तपासतोय. निहाल जबड्याला तारा बांधून रोज माझ्यासोबत बसतो."

मग तिनं समजावलं. सौम्याच्या प्रथिनाची किल्ली कुकरमध्ये वीस मिनिटांत पूर्ण विरघळते. तीन शिट्ट्यांत ती अर्धीच मोडते. अर्धी किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही. अडकून बसते, आणि मग शरीराची स्वतःची चांगली किल्लीही आत जात नाही. नवं यीस्ट जुन्यातलं सगळं खातं, हा तुकडा तेवढा खात नाही. तो गाळाबरोबर पुढच्या पिंपात जातो, तिथे नवे तुकडे त्यात पडतात. पंचवीस-तीस पिंपं झाली की दोन ग्लासांत एवढे तुकडे, की गाईसारख्या माणसाच्या हातात सळई येते. पिणं थांबवलं तर आठवड्यात ते धुऊन जातात, म्हणून कुणाच्या रक्तात आता काही सापडणार नाही.

"सरकारनं चौकशी समिती नेमलीय," ती म्हणाली. "मधूकाका सुटतील, तुम्ही सुटाल. तीन शिट्ट्यांचं सांगायचं आणि त्या दिवशी किती घेतली ते सांगायचं. तुमच्या बाबतीत दुसरा पुरावा नाही, तुमचा शब्दच आहे. पण मी रोज बघत होते ना. दोन ग्लास घेत होतात ना?"

तिच्या डोळ्यांत एवढा आनंद होता. आठ वर्षांची असताना बघायची तशी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "हं."

समितीसमोर जायच्या आदल्या दिवशी निहाल आला. जबडा नीट उघडत नव्हता, उजवा कान माझ्याकडे करून बसला.

"काका, माझ्या मनात काही नाही," तो म्हणाला. "रागच धरायचा तर यीस्टवर धरू. आम्ही ठरवलंय, लग्नानंतर तुमच्याकडेच राहायचं. शर्वरी तुम्हाला एकटं सोडायची नाही म्हणते. आणि..." तो थोडा लाजला. "तिला दिवस गेलेत. तुम्हीच सांभाळा तिला, आम्हाला काय कळतंय?"

मी त्याला बरं, हो म्हणालो. तो गेल्यावर कोठडीत मी माझे हात बघत बसलो. रात्रभर दोन गोष्टी मनात येत होत्या. एक, सकाळी दोन हा आकडा बोललो की पोरगी माझी, जावई माझा, नातवंड मांडीवर. आणि दुसरी, ते नातवंड कधीतरी मला उलटून बोलेल.

समिती कचेरीच्या सभागृहात बसली होती. मधोमध एक निवृत्त न्यायाधीश बाई, दोन्ही बाजूला डॉक्टर. मधू भिंतीशी बसला होता, वाळून काठी झालेला. मी तीन शिट्ट्यांचं सगळं सांगितलं. कुणाकुणाला डबे दिले ते नावानिशी सांगितलं. मधूला मीच शिकवलं, त्यानं भावाला मारलं ते माझ्या कुकरानं मारलं, हे हात जोडून सांगितलं. मधूनं मान वर केली नाही. बाई लिहून घेत होत्या.

"आता तुमच्या स्वतःच्या घटनेबद्दल," बाई म्हणाल्या. "तेरा मेच्या दिवशी तुम्ही यातली बिअर किती घेतली होती?"

शर्वरी समोरच्या रांगेत होती. तिनं ओठ हलवले, दोन.

"एकही नाही," मी म्हणालो.

"आदल्या दिवशी?"

"एकही नाही. त्याआधी चाळीस दिवस एक थेंब नाही. कावीळ झाली होती. सरकारी दवाखान्यात कागद आहे, मागवा. पोरीसमोर मी गुळाचं पाणी प्यायचो."

माझा वकील उठून उभा राहिला. बाईंनी त्याला हातानंच बसवलं. "डुबल, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला समजतंय?"

"समजतंय बाई. मधू यीस्टमुळे मारेकरी झाला. मी नाही. त्याला सोडा, मला सोडू नका. ही पोरं माझ्या घरात राहायला येणार आहेत, त्यांना येऊ देऊ नका."

शर्वरी कधी उठली आणि टेबलापर्यंत कधी आली, मला कळलं नाही.

"मग मी कुणासाठी तपासलं हे सगळं?" ती ओरडली. "महिनाभर त्या गाळात हात घालून बसले! कुणासाठी, आप्पा?"

आणि तिनं माझ्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनिशी. डुबलाचीच पोरगी. माझा ओठ फाटला, तोंडात रक्त आलं.

माझा उजवा हात उठला. मी उठवला नव्हता, तो आपला उठला. सगळ्यांनी बघितलं. निहाल धावत तिच्यापुढे आला. मी त्या हातानं टेबलाची कड धरली. दुसऱ्या हातानंही धरली. टेबल थरथरायला लागलं, बाईंचा पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला.

शर्वरी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती हातांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिनं निहालचा दंड धरला आणि दोघं दाराबाहेर गेली. मधूला नेलं. समितीची माणसं उठून गेली. सभागृह रिकामं झालं तरी मी टेबल सोडलं नाही.

"वस्ताद, चला आता," हवालदार म्हणाला. "गेली ती."

मला हात सोडवेनात. शेवटी त्यानंच खाली बसून माझं एकेक बोट सुटं केलं.